धनवंतेची गरी

माझी आई तिला मोठीमाय म्हणायची. नाव धनवंता. माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील केशोराव, त्यांच्या थोरल्या भावाची ती बायको. आई लहानपणी सतत तिच्या मागेमागे असायची, म्हणून धनवंतेबद्दल मी जे सांगते आहे ते बहुतेक आईकडून ऐकलेलं. थोडंफार गावातल्या लोकांकडून.

आमचं गाव पळसटोला, गोरेगावच्या अलीकडे. त्या काळी हा सगळा मुलूख भंडारा जिल्ह्यात मोडायचा. गाव मालगुजाराचं होतं आणि गावाच्या वरच्या अंगाचा मोठा तलावही त्याचाच. त्या पाण्यावर खालची धानाची शेतं, म्हणजे बांध्या, पिकायच्या. तलावात जाळं टाकायचा हक्क ढिवरांचा. ते मालगुजाराला माशांचा वाटा द्यायचे, आणि उन्हाळ्यात तलावाच्या पाळीवर, म्हणजे पाणी अडवणाऱ्या बांधावर, माती टाकून ती मजबूत करायचं कामही त्यांच्याच अंगावर होतं. गरीचं मात्र तसं नव्हतं. गरी म्हणजे मासे धरायचा गळ. काठी, दोरा, आकडा सगळं मिळून गरीच म्हणतात आमच्याकडे. गरी घेऊन कोणीही पाळीवर बसावं, कोणी विचारत नसे.

धनवंता आमगावकडची, पोवारांच्या शेतकरी घरातली. लग्न होऊन पळसटोल्याला आली. नवरा रेवाराम बोलका माणूस, आणि त्याला गरीचा नाद. धानाचं रोवणं संपलं की तो काठी उचलून तलावावर जायचा तो जेवायच्या वेळेलाच यायचा.

"अख्खा दिवस बसून बोटाएवढा मासा आनता," ती म्हणायची. "याले लागते त्या तेलाचा तरी विचार करा."

"तेल तुवं, मासा माहा. सौदा बरोबर आहे," तो म्हणायचा.

त्यांना एक मुलगी झाली, मग एक मुलगा. १९१८ सालच्या दसऱ्याच्या सुमारास मानमोडीचा, म्हणजे फ्लूचा, ताप गावात शिरला. हलका धान कापायला आला होता आणि कापायला माणसं नव्हती. ज्या घरी पाहावं तिथे कोणीतरी कण्हत पडलेलं. रेवाराम आधी पडला, मग दोन्ही लेकरं, मग धनवंता. ती इतकी बेशुद्ध होती की घरातून कोण गेलं, केव्हा गेलं, तिला काही कळलं नाही. केशोराव आणि शेजारचे दोघेजण तिघांनाही मसणात पोचवून आले. लाकूड मिळत नव्हतं, खांदा द्यायला माणूस मिळत नव्हता. ज्यानं त्यानं आपापलं उरकलं.

धनवंतेचा ताप उतरला तेव्हा तिची जाऊ, म्हणजे माझी आजी सुमित्राबाई, हिनं तिला जवळ बसवून सांगितलं. धनवंतेनं ऐकून घेतलं. "बरं," म्हणाली. मग थोड्या वेळानं तिनं गाईची धार काढली का म्हणून विचारलं.

बायका तिला रडवायला यायच्या. शेजारच्या सुशिलाबाईचा त्यात मोठा हातखंडा. कुठेही मयत झालं की तिला बोलावणं असायचं. ती धनवंतेच्या गळ्यात पडून असा हंबरडा फोडायची की गल्लीतली माणसं दारात येऊन उभी राहायची. धनवंता तिची पाठ थोपटायची. शेवटी सुशिलाबाईच थकली आणि म्हणाली, "इचं काळीज गोठून गेलं वो. काही दिवस जाऊ द्या."

दिवस गेले. गोठलेलं काही सुटलं नाही. धनवंता उठायची, शेण काढायची, पाणी भरायची, निंदणाला जायची. कामात खोट नव्हती. पण एकदा चुलीवरचा तवा तिनं नुसत्या हातानं उतरवला आणि वास आल्यावर सुमित्राबाईनं ओरडून तो खाली ठेवायला लावला. भाजीत मीठ दोनदा पडायचं, नाहीतर पडायचंच नाही, आणि खाताना तिला दोन्ही सारखंच. तेव्हापासून भाजी सुमित्राबाई करू लागली. हेही सांगितलं पाहिजे की घरात तिला कोणी छळलं नाही. केशोरावांनी भावाची शेती आपल्या शेतीबरोबर केली आणि वहिनीला आपल्याच चुलीवर ठेवलं. तिच्याशी काय बोलावं एवढंच कोणाला सुचत नव्हतं.

पुढच्या पावसाळ्याआधी छपराची कवेलू फेरताना आढ्याला अडकवलेली रेवारामची काठी खाली आली. दोरा शाबूत होता, मोराच्या पिसाच्या दांडीचा तरंगा, मासा लागला की बुडणारा, तोही होता.

"वैनी, हे ठेवाचं का चुलीत टाकाचं?" केशोरावांनी विचारलं.

धनवंतेनं काठी हातात घेतली, आणि ती घेऊन सरळ तलावावर गेली. पुष्कळ वर्षांनी माझ्या आईनं तिला विचारलं होतं, मोठीमाय, त्या दिवशी मनात काय आलं होतं? ती म्हणाली, "काहीच नाही. हातात काठी होती, मंग गेली."

गरी कशी लावतात हे तिला नवऱ्याला पाहून माहीत होतं. पाळीच्या पायथ्याशी ओल्या मातीत गांडूळ सापडलं, तिनं ते आकड्याला लावलं आणि दोरा पाण्यात सोडून बसली. त्याच दिवशी मासा लागला. तो शिंगूर होता. या माशाच्या कल्ल्याजवळ काटे असतात आणि ते विषारी असतात. मोठा गडीसुद्धा शिंगूर लागला की गडबडा लोळतो. धनवंतेनं तो उघड्या मुठीत धरून आकड्यातून सोडवला.

जवळच बायजाबाई गुडघाभर पाण्यात उभी राहून हातजाळं झाडत होती. ही ढिवराची बाई, वयानं धनवंतेहून मोठी. तिनं धनवंतेच्या मुठीतून रक्त गळताना पाहिलं आणि ती पाण्यातून धावत आली.

"शिंगूर आहे तो! सोड! सोड ना वो!"

धनवंतेनं मासा सोडला. हात मनगटापर्यंत सुजायला लागला होता. बायजाबाईनं पाला गोळा करून पेटवला, तिचा हात धगीवर धरून बसली आणि शिव्या देत राहिली, की पोवाराच्या घरची बाई, कोनं सांगितलं होतं तुले मासे धराले. मग तिनं धनवंतेच्या तोंडाकडे पाहिलं.

"दुखत नाही का तुले?"

"दुखत असन," धनवंता म्हणाली.

धग विझेपर्यंत बायजाबाईनं हात धरून ठेवला. तिचा नवराही त्याच तापात गेला होता, पण त्या दिवशी ती ते बोलली नाही.

त्यानंतर शेतीचं काम नसेल तेव्हा धनवंता तलावावर असायची. लोक बोलले. पोवाराच्या विधवा सुनेनं काठी घेऊन पाळीवर बसावं हे कोणालाच पटण्यासारखं नव्हतं. केशोरावांनी एकदा घरात विषय काढला. सुमित्राबाई म्हणाली, "बसू द्या. तिथं जाते अन् वापस तरी येते." मग त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

तिला तिथे काय मिळायचं? आईनं हेही विचारलं होतं. धनवंता म्हणाली, "तरंग्याकडे पाहाचं. दुसरीकडे कुठी पाहा लागत नाही." मासा लागला तर आनंद नाही, सुटला तर हळहळ नाही. मिळालेले मासे ती सुमित्राबाईपुढे ठेवायची. मोठी मरळ मिळाली तर वाटेत ज्याचं घर लागेल त्याला देऊन यायची. बायजाबाईचं जाळं आणि धनवंतेची गरी एकाच कोपऱ्याला. बायजाबाई बडबडी होती. सुनेचं गाऱ्हाणं, बाजारातला भाव, कोणाचं लग्न मोडलं, सगळं पाण्यात उभी राहून सांगायची. धनवंता ऐकायची की नाही कोण जाणे. हुं म्हणायची. अशी सात-आठ वर्षं गेली.

मग रेल्वेवाले यायला लागले. गोंदियाला मोठं स्टेशन. तिथले गार्ड, ड्रायव्हर, तारबाबू सुटीच्या दिवशी छोट्या लाइनच्या गाडीनं हिरडामालीला उतरायचे आणि चालत आमच्या तलावावर यायचे. बरोबर चांगल्या काठ्या, डबे, चहाची किटली. माणसं वाईट नव्हती. पण गांडुळांसाठी ती पाळच उकरायची, कारण ओल तिथे. त्यांचं पाहून गावातलेही तसंच करायला लागले. पाळीच्या आतल्या अंगाला जागोजागी खड्डे झाले. एका श्रावणात पाऊस थांबेना, तेव्हा त्या खड्ड्यांच्या बाजूनं पाळ झिरपायला लागली आणि बघता बघता तिथून माती ढासळली. ढिवरांनी तणसाचे भारे आणि माती टाकून दिवसभर झटून ती धरली. तरी खालच्या दोन-तीन बांध्यांत रेती भरली आणि रोवलेला धान गेला.

म्हातारा मालगुजार नुकताच वारला होता. मुलगा मुन्नालाल गोंदियात शिकलेला, बोलायचा बहुतेक हिंदीत. त्यानं गावाला बैठकीत बोलावलं आणि सांगितलं की यापुढे गरी टाकायची तर बिल्ला घ्यावा लागेल. वर्षाला एक पितळी बिल्ला, दिवाणजींकडे पैसे भरून घ्यायचा आणि काठीला बांधायचा. बिल्ला नसेल त्याची काठी जप्त.

मग उदाराम उठला. हा गावचा सुतार, कामातून वेळ मिळाला की गरी घेऊन बसणारा.

"गरीनं का तलाव रिता होते मालक?" तो म्हणाला. "एक दोरा, एक आकडा. लागला त मासा, नाही त हात हालवत घरी. आज तलावाचे मांगता, उद्या नाल्याचे मांगान. बांदरायले बोरं खाचे पैसे कधी लावता?"

लोक हसले. ढिवरांचा म्होरक्या सुखराम हसला नाही.

"उदाराम, तू हासून राहिला," तो म्हणाला. "आमी जाळं टाकतो त वाटा देतो. उन्हाळभर माती आमी टाकतो. पाळ फुटली त आमी धावलो, तू कुठी होतास? गरीवाले मासे नेतेत, पाळ उकरतेत अन् निंगून जातेत. तुह्या गरीले लागते तो मासा का आभाळातून पडते?"

"मी नाही उकरली पाळ."

"मंग गांडूळ का घरून आनतेस?"

उदाराम खाली बसला. तरी वाद बराच वेळ चालला. कोणी म्हणालं बाहेरच्यांकडून घ्या, गावाला सोडा. कोणी म्हणालं, पाण्यावर पैसा लावणारा मालगुजार कधी ऐकला नाही. मुन्नालालनं सगळं ऐकून घेतलं आणि बिल्ला कायम ठेवला.

केशोराव घरी आले ते तणतणत. वर्षानुवर्षं वहिनीच्या गरीविषयी ते अवाक्षर बोलले नव्हते. आता त्यांना ती गरी म्हणजे घराची अब्रू वाटायला लागली. "आमच्या घरची बाई बिल्ला लावून बसन का तलावावर? टेशनवरच्या हमालावानी?"

धनवंता तांदूळ पाखडत होती. "वैनी, तुमचं का म्हननं आहे?" त्यांनी विचारलं.

"माहं काही नाही," ती म्हणाली.

दोन-चार दिवसांनी दिवाणजी टिकाराम पाळीवर फिरत आले. कोणाच्या काठीला बिल्ला आहे, कोणाच्या नाही, हे पाहत ते धनवंतेपर्यंत पोचले आणि जरा मऊ आवाजात म्हणाले, "धनवंताबाई, तुम्हाला बिल्ला नको. मी मालकाला तुमचं सांगितलं. ते म्हणाले, विधवा बाई है, उनसे क्या लेना, छोड़ दो. तुम्ही खुशाल बसा."

"बरं," धनवंता म्हणाली.

दिवाणजी पुढे गेले. बायजाबाई तिथेच जाळ्यातले मासे काढत होती. तिनं जाळं खाली ठेवलं.

"माफी कायची वो?"

"विधवा म्हनून म्हनते."

"अन् मी का सवाशीन आहो?" बायजाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "माहा धनी बी त्याच तापात गेला. लहान लहान लेकरं होते माह्यावाले. माह्या जाळ्याचा वाटा कोन्या साली सुटला? मले कोन म्हनलं, बाई तू विधवा आहेस, घरी बस, माती नको टाकू? तू शेतवाल्याच्या घरची, तुले माफी. आमाले कायची माफी?"

बायजाबाईनं टोपलं डोक्यावर घेतलं आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी ती तलावाच्या पलीकडच्या टोकाला जाळं टाकताना दिसली. तिसऱ्या दिवशीही तिथेच.

धनवंता आपल्या जागेवर बसली. तरंगा पाण्यावर होता, ती त्याकडे पाहत होती, पण काहीतरी कमी होतं. काय कमी आहे ते तिला लगेच उमगलं नाही. एकदा मासा दोरा ओढून गेला आणि तिला कळलंच नाही, कारण ती कान देऊन बसली होती. जाळं पाण्यावर पडल्याचा आवाज, त्याच्या मागोमाग बायजाबाईची बडबड, यासाठी ती कान देऊन बसली होती. आईला तिनं हे सांगितलं तेव्हा म्हणाली, "मले त वाटे का मी तिचं काही ऐकतच नाही."

ती दिवाणजींच्या घरी गेली आणि म्हणाली, मला बिल्ला पाहिजे. दिवाणजी म्हणाले, मालकांनी माफी दिली, आता मी तुमच्याकडून पैसे घेतले तर मलाच बोलणी बसतील. शिवाय पैसे तिच्याजवळ नव्हतेच. तिनं केशोरावांकडे मागितले.

"फुकट भेटून राहिलं त तुमाले पैसे भराचे आहेत?" केशोराव म्हणाले. "अन् तो बिल्ला लावाचा? काऊन? गप बसा ना वैनी."

धनवंतेनं काठी भिंतीला टेकवून ठेवली आणि तलावावर जाणं बंद केलं. ते दिवस घरच्यांना चांगले आठवत होते. ती आत बसायची, मग परसात जाऊन बसायची, मग पुन्हा आत. डोळे कुठे ठेवावेत ते तिला कळत नव्हतं. सुमित्राबाई घाबरली. पाळीवर नसलेली धनवंता तिला पाळीवरच्या धनवंतेपेक्षा जास्त भीतिदायक वाटली.

वैशाखात कोतवालानं दवंडी दिली की पाळीचं काम सुरू होतंय, ढिवरांनी घरटी एक माणूस पाठवावं. दुसऱ्या दिवशी सकाळी धनवंता गोठ्यातलं टोपलं घेऊन तलावावर गेली. पाणी आटून मध्यभागी गेलं होतं. आटलेल्या भागातली माती खणायची, टोपल्यांत भरायची आणि डोक्यावरून नेऊन पाळीच्या खड्ड्यांत टाकायची, असं काम होतं. ती रांगेत जाऊन उभी राहिली. ढिवरांच्या बायका एकमेकींकडे पाहून हसल्या.

सुखराम फावडं घेऊन उभा होता. "बाई, हे तुमचं काम नोहे," तो म्हणाला.

"गरी माही आहे ना?"

"आहे."

"मंग टोपलं भर."

सुखरामनं रांगेकडे पाहिलं. बायजाबाई पुढे चार बायका सोडून उभी होती; तिनं मान वळवली नाही. सुखरामनं टोपलं भरलं, अर्धंच. धनवंता जागची हलली नाही, तेव्हा त्यानं ते पूर्ण भरलं.

घरचं शेत असलेली बाई ढिवरांच्या रांगेत माती वाहते आहे, ही बातमी दुपारच्या आत गावभर झाली. केशोराव भर उन्हात आले. पाळीवर उभे राहून त्यांनी हाक मारली.

"वैनी, घरी चला. लोक हासून राहिले."

"हासू द्या."

"मी देतो पैसे. दिवाणजी म्हनन तेवढे देतो, बिल्लाबी आनतो. चला आता."

"आता माती देऊन राहिली ना," ती म्हणाली आणि टोपलं घेऊन त्यांच्या बाजूनं निघून गेली.

इतक्या लोकांसमोर केशोराव आणखी काय बोलणार? ते परतले. पाळीचं काम संपेपर्यंत ते वहिनीशी बोलले नाहीत, पण तिचं ताट मात्र रोज आधी वाढायला लावायचे.

ऊन तापत गेलं. धनवंता कामाला कमी नव्हती, पण हे काम निराळं होतं. एका दुपारी चढावर तिचा पाय घसरला आणि ती टोपल्यासकट खाली आली. उठायला गेली तर डोळ्यांपुढे काळोख. कोणीतरी तिला ओढून पळसाच्या सावलीत नेलं. ती बायजाबाई होती. तिनं आपल्या मडक्यातलं पाणी तिच्या तोंडावर मारलं, मग ओंजळीत ओतून प्यायला दिलं. दोघी सावलीत बसून राहिल्या. माफीच्या दिवसापासून दोघींत एक शब्द झाला नव्हता.

"तुह्या पोरीचं नाव का होतं वो?" बायजाबाईनं अचानक विचारलं.

इतक्या वर्षांत हे तिला कोणी विचारलं नव्हतं. घरात सगळे ती नावं टाळायचे, तिला त्रास नको म्हणून.

"सगुना," धनवंता म्हणाली.

"अन् पोराचं?"

"हेमराज."

"किती मोठा होता?"

"चालाले लागला होता. पडे अन् हासे."

बायजाबाई हं म्हणाली. तिनं दुसरं काही विचारलं नाही आणि धनवंताही रडली नाही. पण तिला भूक लागली. आई सांगायची की मोठीमायला हे नेहमी नवल वाटायचं. रोज वेळ झाली की ती जेवायची, पण भूक म्हणून लागली ती त्या दिवशी. बायजाबाईनं फडक्यातला शिळा भात आणि मिरची पुढे केली. धनवंतेनं तो खाल्ला. मिरची तिखट होती, आणि तिनं वरून पाणी मागितलं.

काम संपल्यावर दिवाणजींची पंचाईत झाली. बिल्ला पैशानं द्यायचा असा हुकूम, आणि या बाईनं पैसे न देता उन्हाळाभर माती वाहिली. हिला माफीतली धरायची की बिल्ल्यातली? त्यांनी मुन्नालालला विचारलं. तो आधी हसला, मग विचारात पडला. शेवटी म्हणाला, गाववाल्यांपैकी जो पाळीवर माती टाकेल त्याला बिल्ला द्या, पैसे नकोत. बाहेरून येणाऱ्यांनी मात्र पैसेच भरायचे. आणि गांडुळांसाठी पाळ कोणी खणली तर बिल्ला असो नसो, काठी जाणार.

पुढच्या वर्षी उदाराम टोपलं घेऊन आला. "पान्याचे पैसे म्या दिले नाहीत अन् देनारबी नाही," असं तो ज्याला त्याला ऐकवत होता. "पाळ फुटली त माहीबी बांधी जाते, म्हनून आलो." सुखराम म्हणाला, कशासाठीही ये, टोपलं उचल. रेल्वेवाले काही वर्षं पैसे भरून येत राहिले. मग कोणाच्या बदल्या झाल्या, लढाई सुरू झाल्यावर गाड्यांचं काम वाढलं, आणि त्यांचं येणं थांबलं. बिल्लेही मग कोणी मागेना. पाळीवर माती टाकायची रीत तेवढी राहिली.

धनवंता बरी झाली असं मात्र म्हणता येणार नाही. माझ्या आईचं लग्न झालं तेव्हा सगळं घर रडत होतं. मोठीमायनं तिच्या पदरात तांदूळ टाकले, डोक्यावरून हात फिरवला आणि वऱ्हाडाच्या बैलांना पाणी दाखवलं का म्हणून विचारायला गेली. मीठ शेवटपर्यंत सुमित्राबाईच घालायची. फक्त कधीतरी, काही कारण नसताना, ती सगुना किंवा हेमराजचं काही बोलून जायची, आणि घरातले हातातलं काम थांबवून ऐकायचे.

बायजाबाई पुन्हा जुन्या कोपऱ्यात जाळं टाकू लागली होती. म्हातारपणी तिचे गुडघे गेले, पाण्यात उभं राहणं होईना, तेव्हा तिची मुलगी तिला तिरोड्याला घेऊन गेली. हे चव्वेचाळीस-पंचेचाळीस सालचं असेल. त्या हिवाळ्यात मळणी आटोपल्यावर एके दिवशी जेवताना धनवंता म्हणाली, "मले तिरोड्याले जाचं आहे."

केशोरावांचा घास हातातच राहिला. मानमोडीनंतर या बाईनं अमुक हवं म्हणून तोंडानं मागितलेल्या गोष्टी त्यांना बोटावर मोजता आल्या असत्या. ते स्वतः तिला घेऊन गेले. हिरडामालीपर्यंत बैलगाडी, तिथून छोट्या लाइननं गोंदिया, गोंदियाहून मोठी गाडी. धनवंता आधी कधी आगगाडीत बसली नव्हती.

बायजाबाई मुलीच्या अंगणात उन्हाला बसली होती. धनवंतेला पाहून तिनं मुलीला आधी तांदूळ टाकायला सांगितलं, मग बडबड सुरू केली. जावई कसा, इथलं पाणी कसं, गुडघ्याला कोणतं तेल लावते, सगळं. धनवंता शेजारी बसून हुं म्हणत होती. केशोराव बाजेवर झोपून गेले. जेवणं झाली, ऊन कललं, तेव्हा ते उठले आणि म्हणाले, चला, गाडीची वेळ झाली. बायजाबाईनं धनवंतेचा शिंगूर लागलेला हात एकदा हातात घेतला, तळवा उलटून पाहिला आणि सोडला.

घरी आल्यावर सगळ्यांनी धनवंतेला गराडा घातला. माझी आई तेव्हा माहेरी आलेली होती. तिनं विचारलं, "मोठीमाय, आगगाडीत कसं वाटलं?"

धनवंतेनं लुगड्याचा धुरळा झटकला, पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि पिऊन झाल्यावर म्हणाली, "बसाले जागा भेटली."